इसीजी मॉड्यूलचा आलेख बिघडल्यास दोष कसा शोधावा

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर छातीच्या त्वचेवर उमटणारा विद्युत संकेत साधारण १ मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतात त्या सेलच्या विद्युतदाबाचा पंधराशेवा भाग. त्यातली ‘पी’ ही पहिली छोटी लहर तर ०.१ ते ०.२५ मिलिव्होल्टच्या आसपासच राहते. इतका क्षीण संकेत २३० व्होल्टच्या तारांनी वेढलेल्या खोलीत बसून टिपायचा असतो, आणि म्हणून पहिल्याच प्रयत्नात हृदयाचा स्वच्छ आलेख (इसीजी) मिळाला नाही तर त्यात विद्यार्थ्याने खचून जावे असे काही नाही. मात्र दोष शोधण्याचा क्रम ठरलेला असला पाहिजे. फोंडा परिसरात विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना मला वारंवार दिसते ते असे, की आलेख बिघडला की मुले सर्वप्रथम प्रोग्राम उघडतात, त्यात एकामागून एक फिल्टर घालतात, आणि त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडकडे मात्र शेवटपर्यंत कोणी पाहत नाही. माझा अनुभव याच्या उलट सांगतो. बहुतेक दोष त्वचा, जेल आणि तार यांच्यातच असतात, त्यामुळे शोधाची सुरुवात तिथून करून मग संगणकाकडे यावे.

हे विवेचन प्रामुख्याने एडी८२३२ या चिपवर आधारलेल्या, तीन इलेक्ट्रोडच्या स्वस्त मॉड्यूलसाठी आहे, कारण महाविद्यालयीन प्रकल्पांत तेच सर्वाधिक दिसते. तत्त्वे मात्र कोणत्याही जैवविद्युत मापन यंत्रणेला लागू पडतील.

सुरक्षिततेची एक अट

कोणाच्याही शरीराला इलेक्ट्रोड लावण्यापूर्वी यंत्रणा पूर्णपणे बॅटरीवर चालत असल्याची खात्री करावी. लॅपटॉप वापरायचा असेल तर त्याचा चार्जर केवळ बटण बंद करून नव्हे, तर लॅपटॉपमधून उपसून बाजूला ठेवावा. ओले जेल लावलेल्या त्वचेचा विद्युतरोध कोरड्या त्वचेच्या मानाने फार कमी असतो, आणि चार्जरमध्ये बिघाड झाल्यास प्रवाहाला छातीतून जाण्याचा सोपा मार्ग मिळतो. रुग्णालयातील यंत्रांमध्ये रुग्ण आणि वीजपुरवठा यांना विलग ठेवणारी रचना असते व तिची चाचणी ठरावीक मानकांनुसार होते, तशी कोणतीही रचना या मॉड्यूलमध्ये नाही. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीवर असे प्रयोग करूच नयेत. प्रकल्पाचे प्रात्यक्षिक कितीही घाईत आटोपायचे असले तरी या अटीला मी कधीही सवलत दिलेली नाही.

प्रथम माणूस बाजूला ठेवावा

दोष यंत्रात आहे की इलेक्ट्रोडच्या टोकाशी, हे आधी ठरवून घेतल्यास निम्मे काम वाचते. त्यासाठी तिन्ही तारांची टोके शरीरावरून काढावीत आणि धातूच्या एकाच तुकड्याला किंवा एकमेकांना घट्ट जोडावीत. आता मॉड्यूलच्या दोन्ही आतगमन टोकांना एकच विद्युतदाब मिळत असल्यामुळे बाहेर सपाट रेषा यायला हवी, आणि ती पुरवठ्याच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ३.३ व्होल्टच्या पुरवठ्याला सुमारे १.६५ व्होल्टवर असायला हवी. ५ व्होल्टच्या संदर्भावर मोजणी करणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या संगणक-बोर्डवर हा आकडा ३३८ च्या जवळपास दिसेल, तर ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डच्या १२ बिटच्या मोजणीत तो २००० च्या आसपास येईल. रेषा सपाट आणि मध्यावर असली तर मॉड्यूल, पुरवठा आणि मोजणी यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. ती वर किंवा खाली टोकाला चिकटलेली असेल, अथवा जोडलेल्या अवस्थेतही जाड पट्ट्यासारखी दिसत असेल, तर माणसाला इलेक्ट्रोड लावण्यात अर्थ नाही. अशा वेळी आधी पुरवठा मोजावा. ही चिप २ ते ३.५ व्होल्टसाठी बनवलेली आहे, आणि घाईत ती ५ व्होल्टच्या पिनला जोडली गेली असेल तर ती कायमची निकामी झालेली असण्याचीही शक्यता असते. एसडीएन ही पिन खालच्या पातळीला ओढली गेली असेल तर चिप झोपेच्या अवस्थेत जाते, हेही पाहून घ्यावे.

याच्या पुढची चाचणी थोडी कष्टाची असली तरी मी ती प्रत्येक गटाकडून करून घेतो. स्वतंत्र बॅटरीवर चालणाऱ्या दुसऱ्या आर्डुइनोतून सेकंदाला एक या गतीने ५ व्होल्टची चौकोनी लहर काढावी आणि १ मेगाओहम व २२० ओहम या दोन रोधकांनी ती विभागावी. २२० ओहमच्या दोन टोकांमध्ये सुमारे १.१ मिलिव्होल्टची लहर मिळते, म्हणजे हृदयाच्या संकेताएवढीच. वरच्या टोकाला डाव्या हाताची तार आणि खालच्या टोकाला उजव्या हाताची व उजव्या पायाची अशा दोन्ही तारा एकत्र जोडाव्यात. या दुसऱ्या आर्डुइनोचा ग्राउंड मॉड्यूलच्या ग्राउंडला मुळीच जोडू नये, कारण तसे केल्यास मॉड्यूलला हवी असलेली मध्य पातळी मिळत नाही. बाजारातील नेहमीच्या मॉड्यूलमध्ये संकेत सुमारे ११०० पट वाढवला जातो, त्यामुळे बाहेर १.२ व्होल्टच्या आसपास उडी दिसली पाहिजे. लहरीचा सपाट माथा कललेला आणि मध्याकडे घसरत जाणारा दिसेल. हा दोष समजू नये. ०.५ हर्ट्‌झच्या खालचे सारे गाळून टाकणाऱ्या फिल्टरचे ते नैसर्गिक वर्तन आहे, आणि पुढे आलेखातील ‘एसटी’ या, मुख्य शिखरानंतरच्या भागाविषयी निष्कर्ष का काढू नयेत हे याच घसरणीवरून विद्यार्थ्याच्या ध्यानात येते.

त्वचा, जेल आणि आपला पावसाळा

यंत्र निर्दोष ठरले की लक्ष इलेक्ट्रोडकडे वळवावे, आणि इथे जितका वेळ द्यावा तितका थोडाच आहे. विल्यम आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाचे आलेख टिपले, तेव्हा ज्याचा आलेख काढायचा त्याचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून ठेवले जात. त्याच कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती भांडी म्हणजेच त्या काळचे इलेक्ट्रोड होते, आणि त्यांचा हेतू आजच्या जेलच्या गोल चकतीपेक्षा वेगळा नव्हता: त्वचेचा कोरडा, मृत थर ओलांडून शरीराशी मोठ्या पृष्ठभागावर ओला संपर्क साधणे.

त्वचेची तयारी अशी करावी. जिथे इलेक्ट्रोड लावायचा तिथले केस काढावेत, जागा साबणाच्या पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने पुसून पूर्ण कोरडी करावी, आणि खरखरीत गॉझने किंवा जाड टॉवेलच्या कोपऱ्याने दोनचार वेळा हलके घासावी. त्वचा किंचित लालसर झाली तर पुरे, ओरखडे उठता कामा नयेत. खोबरेल तेल, पावडर किंवा अत्तर लावलेल्या त्वचेवर इलेक्ट्रोड नीट बसत नाही, आणि आपल्याकडे अंघोळीनंतर तेल लावण्याची सवय अनेकांना असल्यामुळे हे आवर्जून विचारावे लागते. इलेक्ट्रोड चिकटवल्यावर लगेच मोजणी सुरू न करता चारपाच मिनिटे थांबावे, कारण जेल त्वचेत मुरेपर्यंत संपर्काचा रोध उतरत असतो आणि तोवर तळरेषा वाहत राहते.

इलेक्ट्रोडचे पाकीट एकदा फाडले की त्यातले जेल हळूहळू सुकू लागते. मे महिन्यात पंख्याखाली उघडे ठेवलेले पाकीट काही दिवसांत निकामी होते, म्हणून उरलेले इलेक्ट्रोड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत व पाकिटावर ते उघडल्याची तारीख लिहावी. चकतीच्या मधल्या जेलला बोटाने स्पर्श केल्यावर ते ओलसर लागले नाही तर ती चकती टाकून द्यावी, पाणी लावून ती पुन्हा वापरण्याचा प्रयत्न करू नये. वापरलेली चकती दुसऱ्यांदा लावण्याची काटकसर तर आलेखाच्या दृष्टीने सर्वांत महाग पडते.

पावसाळ्यात अडचण उलट दिशेने येते. जून ते सप्टेंबर या काळात गोव्याची हवा इतकी दमट असते की चकतीखाली घाम साचून तिचा चिकटपणा सुटतो, चकती त्वचेवर सरकते, आणि एकमेकींच्या फार जवळ लावलेल्या दोन चकत्यांमध्ये घामाचा ओला पूल तयार होऊन संकेत लहान होतो. यावर उपाय साधे आहेत: चकत्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे, तार चकतीपासून चारपाच सेंटीमीटरवर कागदी चिकटपट्टीने त्वचेवर पक्की करावी म्हणजे तारेचे ओझे चकतीवर येत नाही, आणि मोजणीपूर्वी त्या व्यक्तीला दहा मिनिटे शांत बसवून घाम सुकू द्यावा. वास्को, पणजी, कळंगुट अशा समुद्राजवळच्या ठिकाणी खारी हवा तारेच्या बटणासारख्या टोकाच्या आतील धातूवर काळपट वा हिरवट थर आणते. तो वरून दिसत नाही. इलेक्ट्रोड नवा असूनही आलेख अधूनमधून तुटत असेल तर टोक भिंगाखाली पाहावे, बारीक कागदाने घासावे, आणि मल्टिमीटरने तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा मार्ग तार हळूहळू वाकवत तपासावा. ३.५ मिलिमीटरच्या जॅकपाशी तार आतून तुटलेली असणे हाही नेहमीचा प्रकार आहे.

तारांच्या रंगांवर विसंबू नये. रंगांच्या दोन पद्धती प्रचलित आहेत; एकीत काळी तार उजव्या पायाची असते, तर दुसरीत तीच डाव्या हाताची ठरते, आणि स्वस्त मॉड्यूलबरोबर येणाऱ्या तारा अनेकदा दोन्हींना जुळत नाहीत. मॉड्यूलवर आरए (उजवा हात), एलए (डावा हात) आणि आरएल (उजवा पाय) अशी अक्षरे छापलेली असतात. प्रत्येक तार त्यांपैकी कोणत्या जागेशी जोडलेली आहे हे मल्टिमीटरने पाहून तिच्यावर चिठ्ठी लावावी. आलेखातील मुख्य शिखर वर जाण्याऐवजी खाली आले, तर बहुधा डाव्या व उजव्या हाताच्या तारांची अदलाबदल झालेली असते.

जाड पट्टा: ५० हर्ट्‌झचा हस्तक्षेप

आलेखाची रेषा दोरासारखी न दिसता दोरखंडासारखी जाड दिसत असेल, तर ती काळाच्या अक्षावर ताणून पाहावी. दर २० मिलिसेकंदांनी तीच लहर परत येत असेल तर तो वीजवाहिनीचा ५० हर्ट्‌झचा संकेत आहे. तो आत कसा येतो हे समजून घेतल्याशिवाय तो घालवता येत नाही. भिंतीतील तारांमधून हवेच्या पोकळीतून अत्यल्प प्रवाह शरीरात आणि इलेक्ट्रोडच्या तारांमध्ये शिरतो. दोन्ही इलेक्ट्रोडचा रोध सारखा असेल तर दोन्हीकडे सारखाच विद्युतदाब तयार होतो आणि मॉड्यूल तो वजा करून टाकते. पण समजा, प्रत्येक तारेत ६ नॅनोअँपिअर शिरले आणि एका इलेक्ट्रोडचा रोध दुसऱ्यापेक्षा २० किलोओहमने जास्त असला, तर १२० मायक्रोव्होल्टचा फरक उरतो. हा फरक जवळजवळ ‘पी’ लहरीएवढा आहे, आणि संकेत वाढवणारा पुढचा कोणताही प्रवर्धक त्याला खऱ्या संकेतापासून वेगळे ओळखू शकत नाही. दोनपैकी एकच चकती सुकलेली असणे हे दोन्ही चकत्या सारख्या सुमार असण्यापेक्षा अधिक त्रासदायक ठरते, ते याच कारणाने. म्हणून बदलायच्या असतील तर तिन्ही चकत्या एकाच पाकिटातल्या, एकाच वेळी बदलाव्यात.

उजव्या पायाचा इलेक्ट्रोड केवळ जमिनीची जोडणी आहे असा समज आढळतो. प्रत्यक्षात मॉड्यूल शरीरावर जमलेला समाईक विद्युतदाब मोजते, त्याला उलटवते आणि या इलेक्ट्रोडमधून शरीरात परत पाठवते, ज्यामुळे मूळ हस्तक्षेप पुष्कळ दबतो. हा तिसरा इलेक्ट्रोड सैल असेल तर आलेख पूर्ण बंद पडत नाही, फक्त गढूळ होतो, आणि त्यामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

यानंतर परिसर तपासावा. तिन्ही तारा एकमेकींत पिळून वेणीसारख्या केल्या तर त्यांच्यातील वळशाचे क्षेत्रफळ घटते आणि चुंबकीय हस्तक्षेप कमी होतो. व्यक्तीला भिंतीपासून आणि विस्तारपट्टीपासून दूर बसवावे. चार्जर लावल्यावर आलेख जाड होतो आणि काढल्यावर सुधारतो, हा अनुभव सर्वांना येतो. तो चार्जर तसाही काढलेलाच असायला हवा. पंख्याचा नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लहरीचा काही भाग कापून गती कमी करतो, त्यामुळे आलेखात दर १० मिलिसेकंदांनी टोकदार काटे दिसतात. पंखा पूर्ण वेगाने चालवून किंवा बंद करून फरक पाहावा. चवथीच्या दिवसांत घरी बसून प्रकल्प करणाऱ्यांनी रोषणाईच्या माळांचाही असाच विचार करावा. वीज गेल्यावर चौकोनी लहर देणारा इन्व्हर्टर चालू असेल तर ५० हर्ट्‌झबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट अशा वरच्या लहरीही येतात आणि एकाच वारंवारतेची लहर गाळणारा नॉच फिल्टर एकटा त्यांना पुरा पडत नाही. अशा वेळी शक्य असेल तर मुख्य स्विच काही मिनिटे बंद करून, लॅपटॉपच्या बॅटरीवर एक आलेख घ्यावा. तो स्वच्छ आला तर दोष घरातील वीजव्यवस्थेकडून येतो हे सिद्ध होते.

हलणारी, थरथरणारी आणि कापलेली रेषा

तळरेषा श्वासाबरोबर संथपणे वरखाली होत असेल तर इलेक्ट्रोड बरगड्यांच्या खालच्या भागातून वर, गळपट्टीच्या हाडाजवळ हलवावेत. त्वचा ताणली गेली की तिच्या थरांमधील विद्युतदाब बदलतो आणि हा बदल हृदयाच्या संकेताहून मोठा असू शकतो, म्हणून चालता-बोलता घेतलेल्या आलेखाकडून फार अपेक्षा ठेवू नये. सूक्ष्म, अनियमित, गवतासारखी थरथर स्नायूंची असते. हात टेबलावर अधांतरी धरलेले असतील तर ती हमखास येते; हात मांडीवर सैल ठेवून, पाठ टेकवून बसल्यास ती ओसरते. वातानुकूलित खोलीतील थंडीनेही स्नायू आखडतात.

शिखरांचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसत असतील तर प्रवर्धकाची किंवा मोजणीची मर्यादा ओलांडली गेली आहे. ईएसपी३२ ची मोजणी दोन्ही टोकांशी सरळ राहत नाही, म्हणून संकेत मधल्या पट्ट्यात ठेवावा. त्याच चिपमध्ये वाय-फाय चालू असताना मोजणीच्या पिनांच्या दोन संचांपैकी दुसरा वापरता येत नाही. संकेत ३२ ते ३९ या क्रमांकांच्या पिनांपैकी एकीला द्यावा. वाय-फाय प्रक्षेपणाच्या क्षणी प्रवाह एकदम वाढून पुरवठा खचतो आणि आलेखात नियमित खड्डे पडतात, ही शक्यताही तपासून पाहावी.

वेळेचा हिशेब

आकार बरोबर असूनही ठोक्यांची गती चुकीची येत असेल तर मोजणीच्या वेळा तपासाव्यात. समजा, प्रोग्राम सेकंदाला २५० नमुने घेतो असे आपण गृहीत धरले आहे, आणि प्रत्येक नमुना तीन अंक व ओळ संपवणारी दोन चिन्हे असा पाच चिन्हांचा आहे. म्हणजे सेकंदाला १२५० चिन्हे पाठवावी लागतील. ९६०० च्या बॉड रेटवर (संगणकाकडे माहिती पाठवण्याच्या वेगावर) मात्र सेकंदाला ९६० चिन्हेच जातात, त्यामुळे प्रोग्राम अडखळतो आणि प्रत्यक्षात १९२ नमुनेच मिळतात. मिनिटाला ७२ ठोके पडणाऱ्या हृदयाची गती मग सुमारे ९४ दाखवली जाते, आणि आलेखाकडे पाहून काहीही चुकल्याचे कळत नाही. बॉड रेट ११५२०० ठेवावा, नमुना घेण्याचे काम टायमरवर सोपवावे, आणि प्रत्येक नमुन्याबरोबर काही काळ मायक्रोसेकंदांतील वेळही छापून खात्री करावी. नमुने फार कमी घेतले तर ५० हर्ट्‌झची लहर वेषांतर करून येते: सेकंदाला ४८ नमुने घेणाऱ्या यंत्रणेत ती २ हर्ट्‌झची दिसते, म्हणजे जवळजवळ एखाद्या वेगवान नाडीसारखी, आणि नंतरचा कोणताही फिल्टर तिला ओळखू शकत नाही.

एवढे सारे झाल्यावरच फिल्टरला हात घालावा. ५० हर्ट्‌झचा नॉच फिल्टर फार अरुंद ठेवला तर मुख्य शिखरानंतर काही काळ घंटेच्या नादासारखी कंपने उमटतात आणि पाहणाऱ्याला ती हृदयाचीच वाटू शकतात. म्हणून फिल्टरपूर्वीची मूळ मोजणी नेहमी वेगळ्या फाइलमध्ये साठवावी आणि दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवून पाहावेत. निदानासाठीच्या इसीजीत सामान्यपणे ०.०५ ते १५० हर्ट्‌झचा पट्टा वापरतात. या मॉड्यूलमध्ये तो बहुधा ०.५ ते ४० हर्ट्‌झचाच असतो. ठोके मोजायला तो पुरेसा आहे, हृदयविकाराचा निर्णय करायला नाही.

एक प्रसंग असा येऊ शकतो, की बनावट संकेतावर यंत्रणा निर्दोष ठरते, तीन जणांचा आलेख नियमित येतो आणि चौथ्याचा, इलेक्ट्रोड दोनदा बदलूनही, अनियमित येतो. अशा वेळी प्रोग्राममध्ये बदल करणे थांबवावे, त्या व्यक्तीला घाबरवू नये, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात बारा लीडचा रीतसर इसीजी काढून डॉक्टरांना दाखवण्यास सांगावे. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा घेरी येत असेल, तर आलेख कसाही दिसो, मोजणी तिथेच सोडून १०८ ला फोन करावा.